देवानंद सरांचं वेट आणि एक्स्पेक्ट

अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसना तोटा नाही. एकेका गल्लीत चार-चार पाट्या लटकलेल्या असतात आणि प्रत्येक पाटीवर हार घातलेल्या पोरांचे फोटो असतात. देवानंद सरांच्या पाटीवर फोटो नव्हता. ती पाटीही एका बाजूने खाली आलेली होती, आणि खिळा ठोकतो ठोकतो म्हणत सरांनी ती तशीच राहू दिली होती. तरी पोरं त्यांच्याकडे यायची, ती त्यांच्या जोड्यांसाठी.

जोड्या म्हणजे इंग्रजीतले वरवर सारखे वाटणारे रोजचे शब्द. पेपरात त्यांच्यावर हमखास प्रश्न असतो आणि खेड्यातून आलेली पोरं तिथेच आपटतात. बाकीचे मास्तर व्याख्या पाठ करायला लावत. सर आधी वऱ्हाडीत समजावत. हिअर म्हणजे कानावर पडलं, लिसन म्हणजे कान दिला, एवढ्यात ते विषय मिटवत. मग कोणी तीच चूक केली की खडू फेकून मारत. नेम चांगला नव्हता, त्यामुळे खडू भलत्यालाच लागायचा, आणि त्या भलत्याची समजूत काढण्यात पुढची पाच मिनिटं जायची.

त्यांची सगळ्यात आवडती जोडी होती वेट आणि एक्स्पेक्ट. आपण मराठीत सरसकट दोन्हीला वाट पाहणं म्हणतो, म्हणून पोरं गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं. बसची वाट पाहणारा माणूस हातातलं काम टाकून फाट्यावर उभा असतो, तो वेट करतो. ज्याच्या घरी पाहुणे येणार आहेत त्याचं दळण, कांडण, शेणगोठा सगळं चालू असतं, फक्त ते येतील हे त्याच्या मनात पक्कं असतं. तो एक्स्पेक्ट करतो. एवढं झालं की सर फळ्याकडे पाठ करून सांगत, "वेटले जागा लागते. एक्स्पेक्टले कारण लागते." पोरं हे वहीत चौकट करून लिहून घेत.

यंदा भाद्रपदाच्या तोंडावर तेल्हाऱ्याकडच्या अबोली नावाच्या मुलीने या जोडीवर एक वाक्य करून आणलं. माझी आई माझ्या भावाची वाट पाहते, पण तो येईल अशी तिची अपेक्षा नाही, असं ते इंग्रजी वाक्य होतं. त्यात दोन्ही शब्द वापरले होते. सरांनी लाल रेघ मारली. जो येणारच नाही त्याची वाट कोण कशाला पाहील, असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं.

अबोली उभी राहिली. तिचा भाऊ भांडून सुरतेला गेला होता आणि त्याने फोनही बदलला होता, हे तिने खाली मान घालून सांगितलं. मग म्हणाली, "सर, आई रोज दिवेलागणीले फाटकापाशी जाऊन बसते. तो येईल असं तिले नाही वाटत. तरी बसते."

वर्गात दोघं-तिघं हसले. व्याकरण ठीक आहे, पण अर्थ जुळत नाही, असं काहीतरी बोलून सर पुढच्या जोडीकडे वळले. त्या दिवशी खडू एकदाही उडाला नाही.

सरांचं गाव बाळापूरच्या अलीकडे, मन नदीच्या काठाला. घर माळ्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि शेवंती. वडील लवकर गेले आणि थोरल्या सूर्यभानने शाळा सोडून मळा हाती घेतला, म्हणून धाकटा देवानंद शिकू शकला. अकोल्याच्या बाजारात फुलं टाकून सूर्यभान त्याच गाडीने भावाच्या वसतिगृहावर डबा पोचवायचा. डब्यात भाकर असायची आणि वरच्या खणात काही नाही तरी ठेचा असायचाच. भावासाठी जीव टाकणारा माणूस, पण बोलायला महाकंजूस. धाकटा तेवढाच बोलका. दोघांचं जमायचं ते यामुळेच.

आई आजारी पडली तेव्हा ते बिनसलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्यायचं असं देवानंद म्हणत होता. आई म्हणत होती, मला माझ्या मळ्यातून हलवू नका. सूर्यभानने आईचं ऐकलं. आई गेली. तेरवीला सगळे सोयरे बसलेले असताना देवानंद उठला आणि म्हणाला, "दादा, तुह्या अडाणीपणानं माही माय गेली."

सूर्यभानने उत्तर दिलं नाही. ते न बोलणं देवानंदच्या डोक्यात गेलं आणि त्याने वाटणी मागितली. शेत नको होतं त्याला, घरही नको होतं. त्याने मागितली महालक्ष्मी.

वऱ्हाडात भाऊ वेगळे होतात, चुली वेगळ्या होतात, बांधावर बांध पडतात, पण महालक्ष्म्या वाटल्या जात नाहीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी थोरल्याच्या घरी बसतात आणि भाद्रपदात बाकीच्यांनी मुकाट तिथे जमायचं असतं. दोन पितळी मुखवट्यांतला एक उचलून मागणं म्हणजे काय, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. एक म्हातारा तर उठून बाहेर निघून गेला. सूर्यभान आत गेला, एक मुखवटा नव्या खणात गुंडाळून घेऊन आला आणि भावाच्या हातात ठेवला.

तेव्हापासून अमरावतीच्या दोन खोल्यांत देवानंद सरांकडे एकच महालक्ष्मी बसते. त्यांची बायको माया तिला साडी नेसवते, आंबील करते, सोळा भाज्या एकत्र शिजवते, आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर तांब्यात नारळ ठेवते. कुंकवाला आलेल्या बाया विचारतात, तुमच्याकडे एकच कशी? माया सांगते, आमच्यात असंच असते. बाया गप्प बसतात, पण जिना उतरताना काय बोलतात ते माया कान न देताही ऐकते.

सरांना भावाची आठवण फार यायची. मेथीची जुडी हातात घेतली तरी यायची. पण त्यांचं मन मोठं हिशेबी होतं. दादा थोरला आहे, मुखवटा त्यानेच दिला, तेव्हा परत बोलावणंही त्यानेच पाठवलं पाहिजे, आणि तो पाठवेलच, कारण तो दादा आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. दर भाद्रपदात त्यांना खात्री वाटायची की यंदा फोन येईल. तेवढी खात्री बाळगून ते बिनधास्त क्लास घेत. गावाकडे सूर्यभानची महालक्ष्मी थाटात बसत असेल, सगळे भाऊबंद जेवत असतील आणि आपण तेवढे नसू, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर यायचं. ते चित्र पाहून ते दुखावत आणि मायावर विनाकारण चिडत.

आवाहनाच्या आदल्या दिवशी सर फुलं घ्यायला बाजारात गेले. तिथे शेवंतीच्या ढिगामागे नत्थुजी उभे होते. नत्थुजी बाळापूरकडच्या मळ्यांतली फुलं टेम्पोने आणतात, दोन्ही भावांना ओळखतात. सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, दादाकडे यंदा किती पंगत आहे? नत्थुजींनी पानाची पिचकारी टाकली.

"कशाची पंगत, मास्तर? तिथं महालक्ष्मी बसतच नाही," ते म्हणाले. "आईच्या मागं एकदाही नाही बसली. सूर्यभानजी दोन्ही सांगाडे मांडते, दोन्हीले साड्या नेसवते, करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगते. अन् मुखवटा न बसवता दिवसभर ओट्यावर बसून रायते. दिवे लागले का साड्या काढून घडी करते."

सरांनी विचारलं, काहून?

"म्हणते, एकटी नसते बसवत."

सर फुलं न घेताच घरी आले. मायाला त्यांनी सगळं सांगितलं. वर्षानुवर्षं आपण नुसती खात्री बाळगून आपल्या कामाला लागलो आणि दादा सगळी कामं टाकून ओट्यावर बसला, हे त्यांना आता दिसलं. लाल रेघ मारलेलं अबोलीचं ते वाक्यही आठवलं. ते बरोबर होतं. मायाने स्टीलचा डबा घासून पुसला, त्यात तांदूळ घातले आणि मुखवटा त्यात ठेवून दिला.

सकाळी दोघं एसटीत बसले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, तिथून बाळापूरची गाडी. माया डबा मांडीवरून खाली ठेवेना. सर मनातल्या मनात भाषण तयार करत होते. दादा ओट्यावर बसलेला असेल, आपण आधी पाया पडू, मग हे बोलू, मग ते बोलू. अकोल्याच्या स्टँडवर त्यांनी मायाला ते म्हणून दाखवलं. माया म्हणाली, "एवढं नका बोलू. नुसते उभे राहा."

ऑटो मळ्याच्या वाटेवर थांबला. ओटा रिकामा होता.

दार उघडं होतं. आत मांडामांड नव्हती. फुलोरा नव्हता, साड्या नव्हत्या, रांगोळीचं बोटसुद्धा नव्हतं. वच्छलावहिनी, म्हणजे सूर्यभानची बायको, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. या दोघांना पाहून त्यांच्या हातातला दोरा तसाच राहिला. देवानंद सर उंबऱ्याकडे निघाले तशा त्या ताडकन उठल्या आणि आडव्या आल्या.

"तिथंच थांबा," त्या म्हणाल्या.

सर होते तिथेच थांबले. आपल्याला घरात घेत नाहीत असंच त्यांना वाटलं, आणि त्यात चूक काही नाही असंही वाटलं. वहिनी मात्र डब्याकडे पाहत होत्या. मायाजवळ जाऊन त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अशी डब्यातून आत नाही आणायची तिले. आधी पावलं काढू."

शेजारची बाई सूर्यभानला बोलवायला मळ्यात धावली. तो आला तो चिखलाच्या पायांनी, खांद्यावर विळा. केस सगळे पांढरे झाले होते आणि चालताना एक गुडघा धरत होता. त्याने आधी डबा पाहिला, मग भावाला पाहिलं. सरांचं भाषण अकोल्याच्या स्टँडवरच राहिलं.

"दादा, मले माहीत नव्हतं," एवढंच ते म्हणाले.

सूर्यभानने विळा भिंतीला टेकवला. "पाच वर्षं मांडलं," तो म्हणाला. "तू येशील असं वाटत नव्हतं, तरी मांडलं. यंदा हातच नाही उचलला."

याहून मोठा मार सरांना कोणी दिला नसता. आधीच्या कुठल्याही भाद्रपदात ते आले असते तरी इथे त्यांच्यासाठी सगळं मांडलेलं सापडलं असतं. ज्या वर्षी ते आले त्याच वर्षी दादा थकला होता. ते अंगणात खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. सूर्यभानने त्यांना उठवलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. तो माळ्याची शिडी चढला आणि वरून लोखंडी सांगाडे खाली द्यायला लागला. "धर," एवढंच म्हणाला. सर डोळे पुसत उठले आणि त्यांनी धरलं.

मग घाई झाली. साड्या पेटीतून निघाल्या, वहिनींनी आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ काढलं, माया उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढत गेली. बाजारासाठी तोडून ठेवलेली शेवंतीची टोपली सूर्यभानने घरातच रिकामी केली. उन्हं कलायला लागली होती.

दुसऱ्यांकडे मुखवटे सवाष्णी आत आणतात. या घरात आईला मुलगी नव्हती, जाऊ नव्हती, म्हणून तिने हे काम दोन्ही पोरांवर टाकलं होतं आणि ती रीत कोणी मोडली नव्हती. दोघं भाऊ हातपाय धुऊन तुळशीपाशी उभे राहिले. दोघांच्या हातात एकेक मुखवटा होता. एकमेकांकडे पाहणं त्यांना अजून जमत नव्हतं. सरांना वाटत होतं, आतून हाक येईपर्यंत आपण इथे कितीही वेळ उभे राहू.

शेवटी वहिनी उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या. ताटलीवर चमचा वाजला. रीतीप्रमाणे आतल्या बाईने विचारायचं असतं, कोण आलं? बाहेरच्याने सांगायचं असतं, महालक्ष्मी आल्या. लहानपणापासून हे उत्तर थोरल्याने द्यायचं ठरलेलं होतं.

"कोण आलं?" वहिनींनी विचारलं.

सूर्यभानने घसा साफ केला. समोर बघतच तो म्हणाला, "देवानंद आला."