गवत वाढलंय, एवढंच सांगायला आलेला मेजर

आमचा मेजर मेला. मला आनंद झाला.

सकाळपासून आर्मी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आम्हा पोरांच्या जुन्या ग्रुपवर त्याचे गोडवे चाललेत. 'व्हॉट अ जेंटलमन.' त्याच्या मुलीने प्रत्येकाकडून एक आठवण मागितली आहे, फ्युनरलला वाचायला.

घे. ही माझी.

बाबा कार्डिफच्या हॉस्पिटलातली नोकरी सोडून ब्रिटिश आर्मीत डॉक्टर झाले. म्हणून आम्ही ब्रिस्टलपासून तासाभरावरच्या आर्मी क्वार्टर्समध्ये वाढलो. मराठी घर एकच, आमचं.

२००४चा उन्हाळा. बाबा इराकला. मी अकरा वर्षांची.

तिथे एक गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत होती. युनिट युद्धावर असताना फुल युनिफॉर्ममधला ऑफिसर आणि पाद्री जोडीने दारात आले, की त्या घरातला माणूस गेला.

म्हणून दुसऱ्या कुठल्याही कामाला कुणी तसं जायचं नाही. फोन करायचे.

एका रविवारी आईने किचनच्या खिडकीतून पाहिलं. क्वार्टर्सची देखरेख बघणारा मेजर, मेडल्स लावलेला, बाजूला पाद्री. आमचं गेट उघडत होते.

बेल वाजायच्या आत आईने दोन्ही मनगटं सिंकच्या कडेवर आपटली.

हिरव्या बांगड्या. एरवी एक बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणणारी बाई. आजोबा गेले तेव्हा आजीला तिने असंच करताना पाहिलं होतं.

तिच्या हातातून रक्त येत होतं. दार मी उघडलं.

"गुड मॉर्निंग! मम्मी आहे का? तुमच्या लॉनचं गवत फार वाढलंय."

दोघं चर्चमधल्या आर्मीच्या कार्यक्रमातून परतत होते, म्हणून तो युनिफॉर्म. वाटेत घर लागलं, म्हणून आले!

आईचे हात बघून पाद्र्याला लगेच कळलं. बिचारा सॉरी सॉरी म्हणत राहिला.

मेजर हसला. "ओह नो, नो! नोबडीज डेड!"

नवरा जिवंत असताना आपण आपल्या हाताने बांगड्या फोडल्या, आता तो परत येत नाही, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलं. चार महिने. पुण्याला मावशीलाही बोलली नाही. सोमवार धरले, गुरुवार धरले.

आणि रोज गवत कापायची. काल कापलेलं आज पुन्हा.

"आई, बस ना गं."

"तू आत जा."

बाबा आले. धडधाकट आले.

ख्रिसमस पार्टीत मेजरने ग्लास हातात धरून ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली. "डॉक, गवतापायी तुझ्या बायकोने तुला पुरून टाकलं होतं!"

लोक पोट धरून हसले. बाबाही हसले. सीनियर होता ना.

आई तिथेच उभी होती, समोशांची प्लेट घेऊन.

त्या माणसाने तिला कधीही सॉरी म्हटलं नाही.

तर, हे सगळं इंग्लिशमध्ये लिहून त्याच्या मुलीला पाठवलंय. वाच म्हणावं चर्चमध्ये, सगळ्यांसमोर. आता हसा म्हणावं.

मग वॉटफर्डला आईला फोन केला. वाटलं, तिच्याही जिवाला थंडावा मिळेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्या बायकोला सांगायला कोण गेलं होतं गं?"

"हॉस्पिटलमधून फोन आला म्हणे."

"घरात एकटी होती का ती?"

मला माहीत नव्हतं.

आई त्याला माफ करत असेल तर करू दे. मी करणार नाही.

जा, मेजर. माझ्याकडून फुलं नाहीत.