कंप्युटरनं पाडलेली न्हाणी

माझ्या सासऱ्यांची न्हाणी शेजाऱ्याच्या जागेत हातभर घुसली होती आणि एवढ्याशा कारणासाठी ते थेट दिल्लीच्या कोर्टात निघाले होते. खालची सगळी कोर्टं हरून झाली होती! अपिलाची मुदत संपत आलेली. मामांनी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) तिकीट काढलं, मामींनी दशम्या बांधल्या.

तेवढ्यात माझी जीभ वळवळली. हिंगोलीत मी कंप्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणजे विद्वानच!

"मामा, दिल्लीला काहून जाता? आता कागद कंप्युटरवरून जातात. चहा पिऊन होईस्तोवर अपील दाखल!"

मामांनी तिकीट रद्द केलं.

शेवटच्या दिवशी आम्ही स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसलो. अख्खं अपील मी रंगीत आणि मोठ्यात मोठ्या आकारात स्कॅन केलं होतं. (जजसाहेबांवर छाप पडावी म्हणून!) बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी उगवली आणि तिथंच बसली.

"जावईबापू, हे हालून राहिलं का?"

"हालतंय की!"

"आमच्या सेनगावची जीप याच्याहून लवकर भरते."

चहा झाला. दुसरा झाला. मामांनी दशम्या सोडल्या. पट्टी अर्ध्यावर आली आणि लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून!

दुपारी पट्टी अगदी शेवटाला टेकली. मामांना राहवेना. मामींना खुशखबर द्यायला त्यांनी काउंटरवरचा फोन उचलला. इंटरनेट त्याच फोनच्या लाइनवरून येत होतं! पट्टी गायब.

"मामा, फोन काहून उचलला?"

"मंग काय, तुमच्या पट्टीची पूजा करत बसू?"

संध्याकाळी एकदाचं गेलं! मी खुर्चीवरून उडालोच. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हनते कोर्ट?" मामांनी विचारलं.

"फाइल फार मोठी आहे म्हणतंय. लहान करून पाठवा."

मी लहान करायला घेतली आणि भारनियमन सुरू झालं. वीज आली तेव्हा मुदत गेली होती. पुढच्याच महिन्यात न्हाणीही गेली.

आता सासरवाडीला गेलो की मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळख करून देतात, "हे आमचे जावई. लई शिकलेले! लोक न्हाणी पाडायला गवंडी लावतात. आमी कंप्युटर लावला!"

यावर भर अंगणात, लुंगी सावरत अंघोळ करणाऱ्या माणसानं बोलायचं तरी काय? तोंडाला फेस आलेला असतो!