झडपेचा दम, खाणीतला दम

ह्यांच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी बसवली. सुट्टी मिळाली तेव्हा तिथली एक मुलगी म्हणाली, "काका, अशी झडप बसवलेल्या सगळ्यांची नोंद आम्ही ठेवतो. महिन्यानं फोन करीन, मग दरवर्षी."

फोन आला तेव्हा आम्ही राजूरच्या घरी तूर निवडत बसलो होतो. ह्यांनी स्पीकर लावला.

"चालताना दम लागतो का?"

"कोणता सांगू? झडपेचा का खाणीतला?"

सगळी नोकरी कोळशाच्या खाणीत गेलेली, छातीत धूळ बसलेली. ती हसली. "लागतो की नाही, एवढंच सांगा काका. सगळीकडं एकाच शब्दांत विचारतात. तेव्हाच इथले पेशंट दुसऱ्या दवाखान्यातल्यांशी ताडून पाहता येतात."

"मंग लिही, थोडासा लागते."

फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पुढच्या साली 'नाही' म्हणतो का नाही, तू पाह्य फक्त."

आणि रोज संध्याकाळी चालायला लागले. मलाही न्यायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या खाणीतल्या पाळ्या, माझा सैपाक, लेकरं यांत आम्ही दोघं असं नुसतं चालायला कधी गेलोच नव्हतो. कोळशाचा ट्रक आला की ते माझा पदर ओढून स्वतःच्या तोंडावर धरायचे. मी रागवायची. लोक पाहतात म्हणायची.

पुढच्या वर्षी त्यांनी "नाही लागत!" असं ओरडूनच सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं, आणि ते गेले.

फोन ठरल्याप्रमाणे आला. "मावशी, काका आहेत का?" मी सांगितलं. मग ती जपून एकेक विचारू लागली: कधी गेले, घरी की दवाखान्यात, हृदयाचं काही होतं का? हेही सगळ्यांना विचारायचेच प्रश्न.

"आता माझा फोन येणार नाही, मावशी."

"थांब ना बाई. ते रोज चालत होते, पुलापर्यंत. ते लिहिलं का?"

"ते लिहायला जागा नाही इथं. पण तुम्ही सांगा, मी ऐकते."

मग मी पदराचं सांगितलं. रागवायची, तेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. बोलणं संपल्यावर फोन कितीतरी वेळ हातातच राहिला. ह्यांची तब्येत विचारणारं आता कोणी उरलं नाही.