ताईबाई कुंडात कुठं बसली

निमोण्याच्या ताईबाईला कुणी 'मागं बस' म्हटलं आणि ती गुमान बसली, असं आयुष्यात झालं नव्हतं. ग्रामसभा असो, शिरूरची तहसील कचेरी असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचा मांडव, ताईबाई सरळ पहिल्या रांगेत जायची, पदर खोचायची आणि मांडी ठोकायची. शाळा तिनं बघितली ती बाहेरून, अंगण झाडताना. अक्षरं गिरवली ती पोरांच्या पाट्यांवर, स्वतः आई झाल्यावर. पण ती बोलायला लागली की टेबलापलीकडचा साहेब चष्मा काढून पुसत बसायचा.

गावात नळ आले तेव्हाची तिची गोष्ट तर पार न्हावरे गावापर्यंत ठाऊक. पाइप पाटलांच्या आळीतून निघायचा, देवळावरून, शाळेवरून फिरून सगळ्यात शेवटी बौद्धवस्तीत यायचा. वर हौद भरले, म्हशी धुऊन झाल्या, की उरलं तर वस्तीला करंगळीएवढी धार. ताईबाईनं बायका गोळा केल्या आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या चेंबरवर जाऊन बसली. "आमाला उरल्यालं नको. वस्तीची लाइन येगळी टाका, न्हाईतर आज कुनालाच पानी न्हाई." पोलीस आले, सरपंच आला, सरपंचाची आईसुद्धा काठी टेकत आली. ताईबाई हलली नाही. लाइन वेगळी झाली. तिची नात मोनाली हीच गोष्ट ऐकत लहानाची मोठी झाली. पोरीला झोपवायला दुसरी गोष्ट लागायची नाही.

ही मोनाली पुण्यात जपानी भाषा शिकली आणि नागोयाजवळच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. तिच्या वर्गातच पाटलांच्या आळीतली वैष्णवी होती. एका गावच्या, पण गावात कधी एकमेकींच्या घरी न गेलेल्या या दोघी तिथं एका खोलीत राहायला लागल्या, एकाच कुकरात भात लावायला लागल्या. दोघींनी पैसे साठवले आणि ठरवलं, या शरदात आज्यांना आणायचं. मोनालीची आजी ताईबाई, वैष्णवीची आजी सोजरबाई.

सोजरबाई म्हणजे त्याच सरपंचाची, पोपटराव पाटलाची बायको. सरपंचाची ती काठी टेकत आलेली आई, ती हिची सासू. बाई तशी गरीब स्वभावाची, पण पाटलीण ती पाटलीण. विमान सुटलं तसं तिनं ताईबाईचं मनगट जे पकडलं, ते सोडलंच नाही.

"ताईबाय, ह्ये खाली जातंय का गं?"

"जानारच की. वर ऱ्हायाला ते काय तुमच्या मळ्यातल्या झाडावरचं घरटं हाय?"

सोजरबाई घाबरी होती तरी हसली. जेवणाचं ताट आलं तेव्हा ताईबाईनं कारळाची चटणी काढली आणि पाटलिणीनं ती मागून घेऊन खाल्ली. ताईबाईनं हे मनात नोंदवून ठेवलं. गावात हिच्या सासूनं आपल्या हातचं पाणी फेकलं असतं. चला, म्हटलं, एवढं तरी झालं.

नागोयाहून आज्या आणि नाती, चौघी बसनं डोंगरात निघाल्या. डोंगर असे पेटलेले, की ताईबाईला आधी वणवाच वाटला. लाल, शेंदरी, हळदीसारखी पिवळी झाडं, आणि त्यांच्यामधून पांढरंशुभ्र पाणी पळतंय. एका गावात उतरल्या. घरांची छपरं गवतानं शाकारलेली, हात जोडल्यासारखी उभट, आणि माणसाच्या छातीएवढी जाड. वळचणीला दोऱ्यांना ओवून शेंदरी फळं वाळत टांगलेली.

"ह्या फळाला इथं काकी म्हणतात, आजी," वैष्णवीनं सांगितलं.

"अगं बाई," सोजरबाई म्हणाली, "मग सगळ्या काक्या टांगूनच ठेवल्यात की."

चौघी हसत सुटल्या. ताईबाईचं लक्ष मात्र छपरांवर. "आमच्यात शाकारल्यालं घर म्हंजी भिकार. हितं लोक तिकीट काढून बघाया येत्यात. आमच्या आईच्या खोपीचं तिकीट लावलं असतं तर आज बंगला असता."

गल्लीच्या कडेनं दगडी पाट वाहत होता. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा मोजावा, आणि त्यात मासे. ताईबाई तिथंच थबकली. एक म्हातारा पाटाशी वाकून मुळे धूत होता.

"मोने, त्याला इचार, ह्ये पानी खालच्या घरांना कसं जातं? वरच्यांनी घान केली तर?"

मोनालीनं विचारलं. म्हातारा बराच वेळ बोलला. मोनाली म्हणाली, "तो म्हणतो, खालच्याला तेच वापरायचंय हे वरच्याला ठाऊक असतं, म्हणून वरचा घाण करत नाही."

"बघा," ताईबाई सोजरबाईकडं वळून म्हणाली, "घ्या ऐकून, पाटलीणबाई." सोजरबाईनं न ऐकल्यासारखं केलं आणि फळांकडं बघत राहिली. मोनालीला आजीचा असा काही अभिमान वाटला की तिनं चालता चालता तिच्या खांद्यावर हात टाकला.

संध्याकाळच्या आधी त्या दरीतल्या एका जुन्या मुक्कामाच्या घरी पोचल्या. तिथं गरम पाण्याचं कुंड होतं, उघड्यावर, नदीच्या काठाला, फक्त बायकांचं. नियम असा, की अंगावर चिंधीसुद्धा न ठेवता उतरायचं. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणानं अंग स्वच्छ घासायचं, मग पाण्यात.

"म्या न्हाई बया," सोजरबाई म्हणाली. "पोपटरावांनीबी मला उजेडात बघितली न्हाई कवा."

"मग बघू द्या जपान्यांना," ताईबाई म्हणाली आणि पहिली लुगडं सोडून मोकळी झाली. तिला कसली लाज? पाच पोरं काढली, कांद्याच्या शेतात उन्हानं अंग करपलं, देहाचं काय कौतुक राहिलंय. शेजारी दोन जपानी म्हाताऱ्या होत्या, त्यांचीही पोटं तशीच लोंबलेली, पाठी तशाच वाकलेल्या. ताईबाईनं खसाखसा अंग घासलं आणि सगळ्यांच्या आधी कुंडाच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

कुंडाच्या डोंगराकडच्या बाजूला लाकडी पन्हळीतून कढत पाणी पडत होतं. तिथनं ते कुंडभर पसरायचं आणि दुसऱ्या टोकाला दगडाच्या एका खाचेवरून सांडून खाली नदीत जायचं. वाफ निघत होती, पाण्यावर लाल पानं तरंगत होती.

ताईबाई काठाशी थांबली.

मागून सोजरबाई आली, एक हात वर, एक हात खाली असं अंग झाकत. ताईबाई बाजूला झाली. सोजरबाई तिच्या पुढून पाण्यात उतरली, "आई गं, आई गं" करत पन्हळीजवळच्या दगडाला टेकून बसली. ती बसल्यावर ताईबाई काठाकाठानं, ओल्या थंड दगडांवरून, वळसा घालून पार दुसऱ्या टोकाला गेली आणि पाणी सांडत होतं तिथं, त्या खाचेशी, उतरली.

जपानी म्हातारीनं हात हलवून खुणावलं, इकडं वर ये, इथं जास्त ऊब आहे. ताईबाईनं हात जोडले, हसून मान हलवली.

"ताईआजी, तिकडं गार लागेल, इकडं या की," वैष्णवी म्हणाली.

"असू दे गं," सोजरबाई डोळे मिटून म्हणाली. "तिला बरं वाटतंय तिथं."

मोनाली कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. ती बसली नाही. आजीकडं बघत राहिली.

ताईबाईच्या दंडाला काहीतरी चिकटलं. तिनं काढून बघितलं. पांढरा लांब केस होता, सोजरबाईचा. वरून वाहत आलेला. तो बोटावर धरून ती बसली आणि मग तिला कळलं, आपण कुठं बसलोय.

निमोण्याच्या ओढ्यावर असंच होतं. वर पाटलांच्या बायका, मग माळ्यांच्या, आणि खाली, सगळ्यांचं धुऊन आलेल्या पाण्यात, ताईबाईची आई. आई काठावर तिला दंडाला धरून थांबवायची. त्या उतरू देत, मग आपण. लहानगी ताई थांबायची. ओढा कधीच आटला, धुणी घराघरात आली, आई मरून गेली. इथं कुणी तिला थांब म्हणालं नव्हतं. इथल्या कुणाला तिची जात ठाऊक नव्हती, आणि ज्या एका बाईला ठाऊक होती ती अंग लपवण्याच्या नादात होती. तिचे पाय आपले आपण चालत गेले होते. नागवी झाली तेव्हा आली नव्हती ती लाज आता कानशिलापर्यंत चढली. तिनं छातीवर दोन्ही हात घेतले आणि पाण्यात हनुवटीपर्यंत बुडून बसली.

जेवायला येताना घालायला चौघींना सुती झगे दिले होते. मोनाली ताटाकडं बघून जेवत होती. जेवण झाल्यावर खोलीत गाद्या घालताना ती म्हणाली, "आज्जे, तू खाली का जाऊन बसलीस?"

"वर चटका बसत व्हता पान्याचा."

"तू पाण्यात पाय तरी घातला होतास का तेव्हा?"

ताईबाईनं गादीवरची चादर ताणली. मग तिनं नेहमीचं हत्यार काढलं. "मला इचारती व्हय गं तू? कुठं बसायचं ते मला शिकवतीस? तुझ्या जन्माच्या आधी मी व्हॉल्व्हवर बसलेय, पोलिसाच्या दंडुक्याला भ्याले न्हाई..."

"तेच तर म्हणतेय," मोनाली हळू म्हणाली. "मी तीच गोष्ट ऐकून इथवर आले." आणि दिवा मालवून पाठ करून झोपली.

ताईबाईला वाटलं होतं, राग आला की हलकं वाटेल. आयुष्यभर तसंच झालं होतं. आज राग आला आणि तसाच विझला, खाली लाज होती तेवढीच राहिली. पोर तिला भित्री म्हणाली असती तर चाललं असतं. खोटारडी म्हणाली असती तरी. पण पोरीनं नुसती पाठ केली. तिच्या पाठीकडं बघत ताईबाईनं ठरवलं, सकाळी बस निघायच्या आधी पुन्हा कुंडात जायचं, आणि पन्हळीखाली बसायचं. पोरीनं बघितलं पाहिजे.

उजाडताना ती गेली, तर पन्हळीजवळच्या त्याच दगडाला टेकून सोजरबाई आधीच बसलेली. आता ती अंगबिंग झाकत नव्हती. "ये गं. कंबर कशी मोकळी झालीय बघ माझी."

ताईबाई थेट वरच्या बाजूनं उतरली. पाणी खरोखरच चटका देत होतं. दात दाबून ती सोजरबाईच्या खांद्याला खांदा लावून बसली. सोजरबाई किंचित आकसली. मग नाही आकसली.

 ताईबाईला वाटलं होतं, इथं बसलं की झालं. पण बसूनही काही झालं नाही.

"सोजरबाई, एक इचारू?"

"इचार की."

"काल मी खाली जाऊन बसले. तुमच्या ध्यानात आलं व्हतं?"

सोजरबाईनं पाणी ओंजळीत घेतलं, सोडलं. "आलं व्हतं."

"मग?"

"मग काय. म्या म्हनलं, बाई शहाणी हाय."

 ताईबाईकडं प्रत्येकाला द्यायला उत्तर असायचं. तलाठ्याला होतं, फौजदाराला होतं. आता मात्र जे होतं तेच तोंडून निघालं.

"शहाणी न्हाई ओ. मी लाजंनं मेलेय कालपास्नं. माझ्या नातीनं बघितलं."

सोजरबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं वळून बघितलं. "आन् माझ्या नातीनं मला झोपू दिलं न्हाई. म्हनली, 'आजी, तू असू दे कसं म्हणालीस?' मला कळंचना, म्या काय वाईट बोलले." ती थांबली. "आता तू इचारलंस तवा कळतंय थोडं."

"थोडं?"

"थोडंच गं. खोटं कशाला बोलू."

ताईबाईला हिची मानगूट धरावीशी वाटली, आणि त्याच वेळी वाटलं, ही निदान खोटं तरी बोलत नाही. आपण तर सख्ख्या नातीशी खोटं बोललो.

तेवढ्यात दार सरकलं आणि दोघी पोरी आल्या. वैष्णवी स्टुलावर अंग घासायला बसली. मोनाली काठाशी आली. तिनं आधी आजी कुठं बसलीय ते बघितलं. ताईबाई रात्रभर याच नजरेची वाट बघत होती, आणि आता ती नजर आली तर हिचीच मान खाली गेली. पोरीला दाखवायला बसलेय हे पोरीला दिसतच होतं.

"मोने," ती पाण्याकडं बघत म्हणाली, "चटक्याचं मी खोटं बोलले. पाय आपलं आपन गेलं. मला ठाऊकबी नव्हतं, ते अजून माझ्यात हाय म्हनून."

मोनाली पाण्यात उतरली, पन्हळीपर्यंत आली. दगड दोघींपुरताच होता.

"सोजरबाई, जरा खाली सरका," ताईबाई म्हणाली. "पोरीला बसू द्या."

सोजरबाईनं एकदा खालच्या खाचेकडं बघितलं, एकदा वैष्णवीकडं. वैष्णवी साबणाचा हात तसाच धरून बघत होती. मग पाटलीण उठली आणि पाणी ढवळत हातभर खाली सरकली. मोनाली मधल्या जागेत बसली. तिनं आजीच्या पाठीवर पाणी ओतलं, एकदा, दोनदा.

ताईबाईला जिंकल्यासारखं वाटलं नाही. पाठीवर पोरीचा हात होता, पण वळून तिच्याकडं बघणं तिला काही जमेना. बसची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, चटका सोसत.