सिंधूची परीक्षा आणि ताईचं स्थळ

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात घुटमळणारा. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर ग्वाल्हेरला आले आणि बाबा आता मुरारच्या बाजारात फौजेचे गणवेश शिवतात. म्हणजे फौजेशी नातं टिकून आहे, फक्त तलवारीच्या जागी सुई आली. अशा घरातल्या माणसानं छापण्यासाठी लिहावं हे जरा जास्तच होतं, तेव्हा माफ करा. (मध्ये हिंदी शब्द आले तर तेही माफ करा. आमच्याकडे ते पाहुण्यासारखे येत नाहीत, चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात येतात.)

तर, मागच्या वर्षी माझ्या बहिणीचं जुळत आलेलं लग्न मी जवळजवळ मोडलं, आणि त्याला निमित्त झाली जपानमधली एक मुलगी.

त्याचं असं झालं. ग्वाल्हेरातच हरिशंकरपुरमला राहणाऱ्या आमच्या मावशीनं ताईसाठी इंदूरचं एक स्थळ आणलं. मुलाचं नाव समीर, नोकरी पुण्यात. मावशीनं दोघांना फोनवर बोलायला लावलं. ताई मुरारमध्येच एका छोट्या शाळेत शिकवते, आणि तोवर जेवढी स्थळं आली त्या सगळ्यांनी तिला पगार विचारला होता. समीरनं विचारलं, की दुसरीतली मुलं गणिताला घाबरतात तेव्हा तू काय करतेस. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ गॅसजवळ नुसतीच उभी होती. दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

संध्याकाळी तिनं मला बाजूला घेतलं.

"बंटी, एक गडबड झाली."

"काय?"

"तो म्हणाला, त्याला कॉलेजपासून एका जपानी गेमचा नाद आहे. एक मुलगी असते, ती जंगलातून पाला-पाचोळा आणते, हंड्यात शिजवते आणि त्यातून औषधं, मिठाया, फटाके, वाट्टेल ते बनवते. वीस-पंचवीस भाग आहेत म्हणे त्याचे."

"मग?"

"मी म्हटलं, मला पण गेम आवडतात."

"ताई, तू लुडो खेळतेस. त्यातही हरलीस की मोबाईल उलटा ठेवतेस."

"म्हणून तर तुला सांगतेय. महिन्यानं ते लोक येणार. तू शिकलेला आहेस, जरा बघ ना, सुरुवात कुठून करायची असते."

"तू शिकलेला आहेस" असं आमच्या घरात कुणी म्हटलं, की मला काहीच सुचेनासं होतं. गॅसचा रेग्युलेटर बसत नसला तरी मलाच बोलावतात. मी इंटरनेटवर विचारलं, की या मालिकेची सुरुवात कुठून करावी. एकानं सांगितलं, सगळ्यात नवा भाग घे. दुसरा म्हणाला, मधले तीन भाग सलग आहेत, ते घे. तिसरा म्हणाला की पहिल्या दोघांना काही कळत नाही. त्यावर पहिले दोघं त्याच्यावर तुटून पडले आणि मी तिथून निघालो.

शेवटी जेवताना मी हा प्रश्न बाबांपुढे ठेवला. ती माझी चूक.

बाबांनी घास खाली ठेवला. "पोथीचं पारायण करतो आपण दरवर्षी. कुठून सुरू करतो?"

"पहिल्या अध्यायापासून."

"मध्येच सातवा अध्याय उघडून बसतो का?"

"नाही बाबा, पण ही पोथी..."

"मी कधी कॉलर लावून मग शर्ट शिवलाय? पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. आणि एकदा बसलं की मध्ये सोडायचं नाही."

निकाल लागला. माझा वर्गमित्र भदौरिया याच्या मोठ्या भावाकडे गेम खेळायचं जुनं मशीन होतं आणि त्या मालिकेचा अगदी पहिला भागही होता. भदौरियानं मला समजावलं, "भाई, ये वाला मत ले. पूरा जापानी में है, एक अक्षर समझ नहीं आएगा." मी म्हणालो, "घर में पहले से शुरू करने का नियम है." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मशीन परत करणार नाही याची त्याला खात्री झाली असावी.

आमच्याकडे टीव्ही एकच, तो बाहेरच्या खोलीत, बाबांच्या शिलाई मशीनसमोर. त्यामुळे ताईला एकटीला खेळायला बसवायचं हा बेत पहिल्याच संध्याकाळी बारगळला. आईनं टीव्हीसमोरची फरशी पुसली, आणि कुणी काही सांगायच्या आत उदबत्ती लावली. (तिचं म्हणणं, पारायण आहे तर आहे.) बाबांनी बाकीचे नियमही लागू केले. रोज ठरल्या वेळी बसायचं, बसलेल्याशी बोलायचं नाही, आणि हातातला अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. अध्याय कुठे संपतो हे जपानी येत नसल्यामुळे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही जेवलो फार उशिरा.

पडद्यावरच्या मुलीचं नाव वाचता येईना, म्हणून बाबांनी तिचं नाव सिंधू ठेवलं. चित्रांवरून एवढं कळलं, की सिंधू एका विद्यालयात शिकते, नापास व्हायच्या बेतात आहे, आणि तिच्या टकल्या गुरुजींनी तिला ठराविक मुदत दिली आहे. तेवढ्यात काहीतरी भारी बनवून दाखवलं तर पास. जंगलात एक फेरी मारली की दिवस खर्च होतात, हंडा चढवला की आणखी दिवस जातात.

ताईला शाळेतून आल्यावर वह्या तपासायच्या असत, म्हणून बटणं माझ्या हातात. ताई शेजारी बसून वह्यांवर बरोबरच्या खुणा करी आणि अधूनमधून वर बघे. मी सिंधूला जंगलात नेई आणि गवत आणी.

"परत तेच गवत?" आई. "मागच्या खेपेचं पडलंय ना घरात?"

"आई, बोलायचं नसतं."

"मी कुठे तुझ्याशी बोलतेय, सिंधूशी बोलतेय."

"हा तलवारवाला कोण?" बाबा. "रोज हिच्याबरोबर जंगलात जातो."

"राखण करायला आहे, बाबा."

"ह्याच्या अंगरख्याची बाही बघ, एक लांब एक आखूड. ज्याला धड शिंपी मिळत नाही तो काय राखण करणार?"

हंड्यात काय घालायचं हे मला वाचता येत नव्हतं, म्हणून ते खातं आईनं घेतलं. ती रंगावरून ओळखे. पिवळं ते आंबेहळद, निळं ते जांभूळ, आणि तो पांढरा चमकता दगड म्हणजे तुरटी. तिच्या अंदाजानं मी सगळं हंड्यात टाकलं. मोठा धूर झाला आणि सिंधूचं तोंड काळंठिक्कर पडलं.

आई शांतपणे म्हणाली, "आच मोठी ठेवली असणार तिनं."

असा महिना गेला. मध्ये दोनदा ताईनं हळूच विचारलं, "बंटी, मी त्याला सांगू का सरळ, की मला नाही येत?" मी म्हणालो, "आता कसं सांगतेस, एवढं पारायण झालंय." तिनं मान हलवली आणि पुढची वही उघडली.

पाहुणे येण्याच्या आदल्या संध्याकाळी सिंधूची मुदत संपली. टकल्या गुरुजींनी मान हलवली. पडदा करडा झाला आणि सिंधू पाठीवर गाठोडं घेऊन गावाबाहेर चालू लागली. आईनं डोळ्यांना पदर लावला. बाबांनी संपलेली उदबत्ती काढून ठेवली. मग म्हणाले, "तिच्याही घरातली ती पहिलीच शिकणारी असेल," आणि माझ्याकडे न बघता मशीनवर जाऊन बसले. मीही मग त्यांच्याकडे बघितलं नाही.

रविवारी समीर आई-वडिलांबरोबर आला, मावशीही आली. बेत साधा होता. पोहे, चहा, मग दोघांना गच्चीवर बोलायला पाठवायचं, मग संध्याकाळच्या गाडीनं पाहुणे परत इंदूरला. गच्ची ताईनं सकाळीच झाडून ठेवली होती, दोन खुर्च्याही वर नेल्या होत्या. तिला त्याच्याशी दहा मिनिटं समोरासमोर बोलायचं होतं, बाकी कशाचं तिला पडलेलं नव्हतं.

पोहे झाले. समीरनं हसून ताईला विचारलं, "मग, तुम्ही कुठला भाग खेळलात?"

ताईनं तोंड उघडलं, पण उत्तर माझ्या तोंडातून आलं. "पहिला."

समीरचा चमचा थांबला. "पहिला? तो जपानीत आहे ना?"

"हो. आम्ही सगळ्यांनी केला."

"सगळ्यांनी?"

"रोज उदबत्ती लावून," आई म्हणाली.

समीरच्या आईनं समीरकडे पाहिलं. इथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण महिनाभर साठलेलं ज्ञान होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विषयात मला कुणी शिकलेला म्हणेल अशी वेळ आली होती. मी खुर्ची पुढे ओढली. ही मालिका कुठून सुरू करावी यावर लोकांमध्ये कसे तट आहेत, नव्या भागापासून सुरू करणारे कसे उथळ, मधल्यापासून सुरू करणारे कसे आळशी, आणि खरा मनुष्य पहिल्यापासून का सुरू करतो, हे मी सांगायला लागलो. गवताचे प्रकार सांगितले. धूर का होतो ते सांगितलं. आईनं डोळे मोठे केले, मला वाटलं तिला विषय आवडला. बाबांनी मध्ये "कॉलर" एवढंच म्हटलं, म्हणून मी शर्टाचं उदाहरणही घातलं. माझा घसा सुकला तेव्हा ताईनं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मी प्यायलो आणि नव्या दमानं टकल्या गुरुजींकडे वळलो.

शेवटी मी समीरला म्हणालो, "तेव्हा तुम्हीसुद्धा सुरू करणार असाल तर पहिल्यापासूनच करा."

"माझे सगळे झालेत," समीर नरमपणे म्हणाला. "मी तेराव्यापासून सुरुवात केली होती. दुकानात तोच होता. कुठूनही केलं तरी चालतं रे, बहुतेक गोष्टी वेगवेगळ्या आहेत. मुलगी वेगळी, गाव वेगळं."

मग समीरचे वडील घड्याळ बघत म्हणाले, "चला, गाडीची वेळ झाली."

गच्चीवरच्या खुर्च्या तशाच राहिल्या. संध्याकाळी मीच त्या खाली आणल्या. मावशी दाराबाहेरच्या ओट्यावर उभी होती.

"बंटी, आज कुणाला दाखवायचं होतं रे, तुला का ताईला?"

"मावशी, त्यानं विचारलं म्हणून..."

"त्यानं तिला विचारलं होतं, बेटा."

ताई मला काहीच बोलली नाही. जेवताना नेहमीसारखी माझ्या पानात भाकरीचा कडेचा तुकडा वाढला, कारण मला तो आवडतो. ती चार शब्द ओरडली असती तर मला घास तरी गेला असता.

इंदूरहून काही कळेना. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझ्या मनानं घेतलं, की पारायण नापास होऊन संपलं म्हणूनच हे असं झालं. सिंधू पास झाली तर ताईचंही होईल. (कॉमर्स शिकणाऱ्याचा हा हिशोब आहे, हे मला कळतं.) म्हणून मी दुसरं पारायण धरलं. कॉलेजातून आलो की टीव्हीसमोर, पार मध्यरात्रीपर्यंत, पडद्यावरून नजर न हलवता. घरातले माझ्यामागून चवड्यांवर चालत जात. फोन वाजे, कुणीतरी तो घेऊन आत जाई. एकदा आतून हसण्याचा आवाज आला, पण तेव्हा हंडा उकळत होता आणि मी आच सांभाळत होतो. एकदा पेढ्यांचा वास आला, तो मला शेजारचा वाटला.

शनिवारी सिंधू पास झाली. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पडद्यावर फुलं पडली. मी धावत आत गेलो. आई लाडू वळत होती, मावशी पाटावर बसून याद्या सांगत होती, आणि ताई खिडकीशी फोनवर कुणाशी तरी दुसरीच्या मुलांबद्दल बोलत होती.

"आई, झाली पास!"

"बरं झालं," आई म्हणाली. "होकार आलाय इंदूरचा. बुधवारीच."

"बुधवारी? मला कुणी सांगितलं नाही?"

"तू बसला होतास ना. बसलेल्याशी बोलायचं नसतं."

मी पिठाच्या डब्यावर बसलो. "पण गच्चीवर तर गेलेच नाहीत. त्यानं ताईचं पाहिलं काय?"

मावशीनं एक पेढा माझ्या हातावर ठेवला. "मी पण तेच विचारलं. समीर म्हणाला, 'मावशी, तिचा भाऊ तासभर तिच्या वाटचं बोलत होता, आणि ती शांतपणे बसून त्याला पाणी देत होती. आता माझ्याबरोबर तिला काय कठीण जाणार?'"