वरच्या फळीवरची रडकी पुस्तकं

फुलसावंगीच्या वाचनालयात रौशन ग्रंथपाल झाली, कारण त्या पगारात दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. बाप मोहिउद्दीन फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. पोरगी बारावी झाली होती आणि घरी बसून बापाच्या गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवत होती. वाचनालयाचे अध्यक्ष सदाशिवराव त्यातलेच एक गिऱ्हाईक. त्यांनी विचार केला, हिला पुस्तकांत बसवली तर निदान दुकानात पंप तरी शांतपणे दुरुस्त होतील.

रौशनला मोठ्यांची पुस्तकं आवडत नसत. ‘माणूस खिडकीत बसते अन् दोनशे पानं विचार करते,’ असं तिचं म्हणणं. ती वाचायची दहा-बारा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. त्यांत काहीतरी घडायचं. पोरं तिला आपा म्हणायची आणि पुस्तक नेण्याआधी तिचं मत ऐकायची, कारण पुस्तकापेक्षा कधी कधी मतच जास्त मजेदार असे.

“हे नको नेऊ. यात आजोबा पहिल्या पानावर खोकते अन् शेवटच्या पानावर मरते. मधात नुसता खोकते.”

“मंग कोनतं नेऊ?”

“हे ने. गाढव सरपंचाच्या निवडणुकीले उभं राह्यते. लेखकाले शेवट जमला नाई, पण गाढव चांगलं हाये.”

कपाशीची ती वाईट वर्षं होती आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. त्यामुळं शहरातून गाड्या येत. कोणी शिलाई मशीन आणलं. कोणी एका सकाळी म्हाताऱ्यांना मैदानात उभं करून मोठ्यानं हसायला शिकवलं. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हातारे हसले. मग एका संस्थेनं पुस्तकांची खोकी पाठवली. सगळ्या नव्या कोऱ्या, मुलांसाठीच्या कादंबऱ्या.

रौशन आनंदानं खोक्यांवर तुटून पडली आणि चार दिवसांत वैतागली. निम्म्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर भेगाळलेली जमीन होती आणि तिच्याकडे बघणारं एक उदास पोर. तीस-तीस पानं वाचून तिनं ती सगळी सर्वात वरच्या फळीवर टाकली, जिथं स्टुलाशिवाय हात पोचत नसे.

सदाशिवरावांनी मान वर करून पाहिलं. “रौशन, पाहुण्यायनं खास आपल्यासाठी धाडली. तू माळ्यावर काहून टाकली?”

“भाऊ, पोरं हे घरीच पाह्यते. इथं येऊन पुन्हा तेच वाचाचं का?”

सदाशिवरावांनी विषय सोडून दिला. तसे ते मुखपृष्ठाच्या पुढं कधी गेलेही नव्हते.

त्या पुस्तकांतलं एक, मुखपृष्ठावर भेगांच्या वर निळंभोर आभाळ असलेलं, सातवीतल्या अर्पितानं मागितलं होतं. दोन वर्षांपूर्वी तिचा काका गेला होता. कसा गेला ते गावाला ठाऊक होतं आणि तिच्या घरात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. रौशनलाही हे ठाऊक होतं. म्हणूनच ती म्हणाली, “नको बाप्पा, लय रडकं हाये. तू गाढवाचं ने.” अर्पितानं गाढवाचं नेलं. परत आणलं, तर पुन्हा तेच दिलं. मग एका दुपारी रौशन नमाजासाठी घरी गेलेली पाहून पोरगी स्टुलावर चढली.

पुढच्या महिन्यात संस्थेच्या बाई आल्या, सोबत फोटो काढणारा. पोरांना रांगेत बसवलं. कोणतं पुस्तक आवडलं असं विचारल्यावर सगळी पोरं एका सुरात म्हणाली, “गाढवाचं.” सदाशिवराव खोकले. बाईंनी अर्पिताकडे पाहिलं.

“आणि तुला?”

“निळं. वर ठेवलेलं.”

“अरे वा. त्यातून तू काय शिकलीस?”

“काही नाई शिकली. रडली.”

फोटोवाला पुढं सरकला. रौशन त्याच्या आणि पोरीच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, तुमी गाढववाल्या पोरायचा काढा. ते हसून राह्यले.”

पाहुणे गेल्यावर तिनं अर्पिताला थांबवलं. “म्या तुले रडकं म्हनून सांगतलं होतं ना. मंग काहून नेलं?”

“तुमी सांगतलं म्हनूनच नेलं,” अर्पिता म्हणाली. “मले रडकंच पाह्यजे होतं, आपा. घरी रडलं का आई घाबरते. पुस्तक हातात असलं तं कोनी इचारत नाई.”

रौशनला राग आला, तो आधी पोरीचा, मग लेखकाचा, शेवटी स्वतःचा. निळं पुस्तक घेऊन ती बापाच्या दुकानात गेली आणि उघडलेल्या पंपांच्या पसाऱ्यात बसून एकतिसाव्या पानापासून वाचू लागली. संध्याकाळी मोहिउद्दीननं मान वर केली.

“क्या हुआ? रो रही क्या?”

“औषध की बास है, अब्बा. पंप धोके रखा करो.”

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली आणि वरची सगळी पुस्तकं खाली काढली. या वेळी शेवटापर्यंत वाचली. बरीचशी तिला वाटली होती तशीच निघाली, ती पुन्हा वर गेली. तीन मात्र खालीच राहिली. निळ्याबद्दल ती पोरांना सांगू लागली, “पहिली तीस पानं बेकार. तिथं लेखकाले वाटते, आपन गरिबायवर उपकार करून राह्यलो. मंग त्याले गोष्टीतली पोरगी भेटते अन् तो मुकाट्यानं लिहाले लागते. तिथून वाचा.”

त्याच सुमारास संस्थेचं आणखी एक खोकं आलं. सदाशिवरावांनी पाहिलं तर रौशन कपाळाला आठ्या घालून एक जाडजूड कादंबरी वाचत होती.

“काम वाढलं वाटते,” ते म्हणाले.

“वाढलं ना भाऊ. आता वाईट पुस्तकंही पुरी वाचा लागते.”