शिवलेल्या फाइलीतलं तेविसावं पान

कुजबूज अशी होती की विठोजीरावांचं आणि त्या बाईचं जुनं होतं. किती जुनं, यावर मात्र एकमत नव्हतं. इस्पितळाच्या कँटीनमध्ये ते दहा वर्षांचं होतं, नर्सांच्या खोलीत जाईपर्यंत वीस वर्षांचं झालं, आणि चामराजपेटेतल्या आपल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात पोचलं तेव्हा थेट पंचवीस-तीस वर्षं मागे जाऊन स्थळ सांगून आलं. कौशल्या म्हणे विठोजीला सांगून आली होती, पत्रिका जुळेना म्हणून फिसकटलं, आणि गडी ते मनात धरून बसला. एका बाईने तर त्या दिवशीच्या साडीचा रंगही सांगितला. मोरपंखी.

एरवी विठोजीरावांबद्दल कुजबुजावं असं काही नव्हतंच. होसूर रस्त्याला, बोम्मसंद्र्याच्या अलीकडे एक शंभर खाटांचं इस्पितळ आहे म्हणा. नाव कशाला हवं? त्याच्या तळघरात, जनरेटरच्या शेजारी, विठोजीराव सव्वीस वर्षं जुन्या कागदांची खोली सांभाळत होते. वडिलांचं चिक्कपेटेत शिंप्याचं दुकान होतं. मुलाला मशीन काही जमलं नाही, पण सुई हातातून सुटली नाही ती नाहीच. रोगी घरी गेला की त्याचे कागद खाली येत. विठोजीराव आधी पानं मोजायचे, प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने आकडा घालायचे, एकूण आकडा रजिस्टरात चढवून सही करायचे, आणि मग दाभण घेऊन पांढऱ्या पिळाच्या दोऱ्याने फाइल शिवून टाकायचे. मागे एक गाठ, ती त्यांची त्यांनाच ठाऊक. वर सगळं संगणकावर गेलं, तरी ऑपरेशनचे तक्ते अजून हातानेच भरले जात आणि खाली येऊन शिवलेच जात. इस्पितळात त्यांना ‘टेलर अण्णा’ म्हणत. त्यांना राग यायचा नाही. यायचा, पण दिसायचा नाही.

त्या सोमवारी खिडकीशी दोघीजणी आल्या. पुढची काळ्या कोटातली तरुण मुलगी, निवेदिता, वकील. मागे भिंतीला टेकून तिची मावशी, कौशल्या. मुलीने आधी कन्नडमध्ये सुरुवात केली, मग टेबलावरची नावाची पाटी वाचली आणि गाडी मराठीवर आणली.

“अण्णा, मावशीची सगळी फाइल पाहिजे. एकवीस महिन्यांमागचं गर्भपिशवीचं ऑपरेशन. हा अर्ज. नियमाने बहात्तर तासांत द्यावी लागते, म्हणजे गुरुवारी सकाळी अकरा.”

“नियम मला ठाऊक आहे अम्मा. तुम्ही शाळेत होता तेव्हापासून.” विठोजीरावांनी अर्जावर शिक्का मारला, वेळ लिहिली. मग त्यांचं लक्ष मागे गेलं. ती बाई एक हात पोटावर ठेवून उभी होती, भिंत सोडली तर पडेल अशी. तळघरात बाक नाही. विठोजीरावांनी आपली खुर्ची खिडकीबाहेर नेऊन ठेवली. सव्वीस वर्षांत ती खुर्ची त्यांनी कुणाला दिली नव्हती, मोठ्या डॉक्टरांनासुद्धा नाही. हे लिफ्टवाल्याने पाहिलं आणि दुपारच्या जेवणाला सगळ्या इस्पितळाने खाल्लं.

“काय झालं?” त्यांनी विचारायला नको होतं, पण विचारलं.

“काय व्हायचं,” कौशल्या म्हणाली. “पोट दुखायचं. इथे दहादा आले. म्हणाले गॅस आहे. मग म्हणाले वयामुळे आहे. शेवटी म्हणाले मनाचं आहे, देवाधर्मात लक्ष घाला. मागच्या महिन्यात दुसऱ्या इस्पितळात पोट उघडलं, तर आत रक्त टिपायचं कापड. हातरुमालाएवढं. इथेच राहिलेलं.”

“आता काय करणार?”

“ते हिला विचारा.”

निवेदिता बोटांवर मोजायला लागली. “ग्राहक आयोगात तक्रार, भरपाईसाठी. तिथे दोन वर्षांची मुदत. आम्ही म्हणू कळलं तेव्हापासून मोजा, ते म्हणतील ऑपरेशनच्या दिवसापासून. म्हणून वादच नको, तीन महिन्यांच्या आत टाकायची. दुसरी तक्रार मेडिकल कौन्सिलकडे. तिथे पैसा मिळत नाही, पण डॉक्टरचा परवाना अडकू शकतो. पोलिसांकडेही जाता येतं, पण तिथे निष्काळजीपणा फार मोठा आहे असं आधी दुसऱ्या डॉक्टरने सांगावं लागतं, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला किती उत्सुक असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. या सगळ्याच्या मुळाशी तुमची फाइल, अण्णा. ती जशी आहे तशी मिळाली तर आम्ही उभ्या राहू. नाहीतर मावशीच्या पोटात कापड आपोआप उगवलं म्हणतील.”

त्या गेल्यावर विठोजीरावांनी फाइल काढली. एक्केचाळीस पानं. तेविसाव्या पानावर ऑपरेशनच्या खोलीतला मोजणीचा तक्ता होता. सुरुवातीला कापडं किती घेतली: बारा. पोट शिवण्याआधी किती परत मिळाली: कोरं. मोजणाऱ्याची सही: कोरी. विठोजीरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कोरं ते कोरंच.

मंगळवारी त्यांना वर बोलावणं आलं. रविकिरण नावाचा मॅनेजर, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याने राहणारा, आणि विठोजीराव दिसले की ज्याला आपण मराठी असल्याचं एकदम आठवतं असा.

“काका, या ना, बसा. कॉफी? अरे, आपली माणसं आपण.” त्याने ड्रॉवरमधून एक कागद काढला. नवा करकरीत तक्ता, सुबक अक्षरात भरलेला. घेतली बारा, परत बारा, खाली सही. “एकच पेज आहे. जुनं डॅमेज झालंय, म्हणून रीराइट केलंय. ते काढा, हे घाला. सिंपल.”

“डॅमेज कुठं झालंय? मी पाहिलं. कोरं आहे.”

“तेच ना, काका.”

“मग तुम्हीच घाला की. मला कशाला कॉफी?”

रविकिरणने जरा इकडेतिकडे पाहिलं. मग खरं ते सांगून टाकलं. वरच्या मंडळींनी दुसऱ्या एका फाइलीवर आधी करून बघितलं होतं. दोरा कापला, झाडूवाल्या बाईकडून पुन्हा शिवून घेतला, आणि फाइल उशीसारखी फुगली. कुणालाही कळलं असतं.

“तुमची ती गाठ कुणाला जमत नाही,” तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. “काका, सात महिन्यांनी तुमची रिटायरमेंट. दोन वर्षं एक्स्टेन्शन देऊ. आणि काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं स्टाफ कन्सेशन, ते लेटर माझ्याच टेबलावर आहे. माझ्याकडून अजून साइन झालेलं नाही.”

कॉफी तशीच राहिली. विठोजीराव खाली आले, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एकही फाइल शिवली गेली नाही. दाभण दोनदा बोटात गेली. कावेरी, त्यांची बायको, सहा महिने भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात जात होती. ऑपरेशन बाहेर करायचं तर राहतं घर सोडून विकायला काही नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी घरी पोचले तो कावेरी दारातच खुर्ची टाकून बसलेली.

“या. कौशल्या कोण?”

“कोण कौशल्या?”

“मोरपंखी साडीतली. शेजारच्या अक्का सांगून गेल्या. म्हणे खुर्ची दिलीत. मला लग्नात पाट दिला नव्हतात, उभीच होते मी अर्धा तास.”

विठोजीरावांनी मग सगळं सांगितलं. कापड, तक्ता, मॅनेजर, आणि गुडघ्याचं पत्र. गुडघ्यापाशी आल्यावर ते थांबले.

कावेरी गुडघा चोळू लागली. दुखत होताच. “मला हा गुडघा घेऊन जिने चढता येत नाहीत,” ती म्हणाली. “किती दिवस झाले, देवळातसुद्धा गेले नाही. तेव्हा मला काही फरक पडत नाही असं म्हणणार नाही. पण त्या पानावर खोटी बारा लिहायची, आणि मग त्यांच्याच टेबलावर मी आडवी व्हायचं? माझ्या गुडघ्यातलं कोण मोजणार, तो झाडूवाल्या बाईकडून फाइल शिवून घेणारा?”

“मग काय करू?”

“ते मला काय विचारता? मोरपंखीवालीला विचारा.” आणि ती भिंत धरत आत गेली.

गुरुवारी साडेदहाला विठोजीरावांना मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. फाइल घेऊन या. मोठे डॉक्टर म्हणजे ज्यांनी ते ऑपरेशन केलं तेच. रविकिरण खिडकीशी उभा होता, कॉफी नव्हती. टेबलावर नवा तक्ता आणि एक कात्री.

“वेळ नाही,” डॉक्टर म्हणाले. “शिवून द्या.”

विठोजीराव म्हणाले, “लिहून द्या साहेब. तेविसावं पान काढून नवं घालावं, असं एका ओळीत, खाली सही. मी लगेच शिवतो.”

कुणी पेन उचललं नाही. डॉक्टरांनी कात्री उचलली, फाइल ओढली आणि कचकन दोरा कापला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा विठोजीरावांची शिवण त्यांच्यासमोर कुणी उसवली. पानं टेबलभर पसरली. डॉक्टरांनी त्यातून तेविसावं शोधून हातात घेतलं. खालून लिफ्टवाला येऊन दाराशी पुटपुटला, त्या वकीलबाई खिडकीवर आल्यात, घड्याळ बघतायत.

विठोजीरावांनी पानं गोळा केली. उभ्या उभ्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजली.

“काय चाललंय?” रविकिरण म्हणाला.

“मोजल्याशिवाय मी शिवत नाही.” आपण कुणासमोर काय बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं. डॉक्टरांचं तोंड लाल झालं. विठोजीराव पुढे म्हणाले, “चाळीस आहेत. रजिस्टरात एक्केचाळीस, माझ्या सहीने, एकवीस महिन्यांमागे. तुमच्या नव्या कागदावर माझा लाल आकडा नाही आणि तो मी घालणार नाही. मी खाली जाऊन चाळीस पानांची नक्कल देतो, आणि वर लिहितो: पान तेवीस, सकाळी दहा त्रेपन्नला, डॉक्टरसाहेबांच्या हातात. शिक्का मारून देतो.”

“तुमची नोकरी जाईल.”

“सरी, ठीक आहे. तेही लिहितो का?”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकला. चोपन्न. रविकिरणने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी पानाकडे. मग त्यांनी ते टेबलावर टाकलं; दिलं असं म्हणता येणार नाही, टाकलं. विठोजीरावांनी ते उचललं, बावीस आणि चोवीसच्या मध्ये ठेवलं, आणि लिफ्टने खाली आले.

अकराला दोन मिनिटं कमी असताना झेरॉक्स सुरू झालं होतं. निवेदिताने खिडकीशी उभं राहून एकेक पान मोजलं, प्रत्येकावरचा शिक्का बघितला. कौशल्या खुर्चीत बसली होती.

“मावशी, हे बघ.”

कौशल्येने तेविसावं पान मांडीवर घेतलं. कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. “म्हणजे इथे दुखत होतं,” ती म्हणाली.

ग्राहक आयोगातली तक्रार मुदतीच्या आत दाखल झाली, मेडिकल कौन्सिलकडेही एक गेली. आयोगाने मूळ फाइल मागवून घेतली आहे, तारखा पडत आहेत, डॉक्टरांच्या वकिलाने दोनदा वेळ मागितली आहे. निकाल लागायचा आहे. विठोजीरावांची त्याच आठवड्यात बदली झाली, चादरी-उशांच्या गोदामात. गुडघ्याचं पत्र सही न होता परत आलं. कावेरी अजून भिंत धरून चालते आणि शेजारच्या अक्कांना मोरपंखीचं पुढचं पुढचं स्वतःच सांगते.

त्या सोमवारी अर्ज घेईपर्यंत विठोजीरावांनी कौशल्येला कधी पाहिलं नव्हतं. स्थळ वगैरे काही आलेलं नव्हतं. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून त्यांनी खुर्ची दिली.